डाउन पेमेंट जमवताना हप्त्याची रंगीत तालीम करा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही चुकीचं समजले असेन तर लगेच कळेल. तुम्ही नवरा-बायको तिशीच्या आतबाहेर, पिंपरी-चिंचवडमध्ये भाड्याने राहता. दोघांचे मिळून महिन्याला १,०५,००० हातात येतात. भाडं १९,०००, गावी आई-वडिलांना ८,०००. बँकेत ५ लाखांची ठेव आणि म्युच्युअल फंडात २ लाख १० हजार आहेत. पुनावळ्यात बांधकाम चालू असलेला ६० लाखांचा टू बीएचके आवडलाय. बिल्डरच्या ऑफिसात सांगितलं, 'फक्त १० टक्के भरा, बाकीचं बँक बघेल.' वडील म्हणतात, भाडं फुकट जातंय, कमी पडतील तेवढे पर्सनल लोन काढा आणि बुक करून टाका. तुम्हाला विचारायचंय की डाउन पेमेंटला किती लागतील, ते जमायला किती वर्षं लागतील आणि तोवर पैसे ठेवायचे कुठे.

मी २२ वर्षं गृहकर्जाच्या टेबलावर बसतेय, आधी बँकेत आणि आता स्वतंत्रपणे. पहिलं घर घेणाऱ्यांपैकी बहुतेक जण ज्या आकड्यावर अडतात, तो आकडा तुमच्या प्रश्नात नाहीये. तुम्ही २० टक्के, म्हणजे १२ लाखांचा विचार करताय. प्रत्यक्षात या घरासाठी तुमच्या खिशातून साधारण २१ लाख जातील. ही तफावत आत्ता, शांतपणे बघायला हवी. नोंदणीच्या आदल्या दिवशी ती कळून उपयोग नसतो.

हिशोब असा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्याहून मोठ्या कर्जात ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. तुम्ही मधल्या गटात येता. ६० लाखांवर जास्तीत जास्त ४८ लाख कर्ज, तुमचं मार्जिन, म्हणजे स्वतःचा वाटा, १२ लाख. इथवर तुमचं बरोबर आहे. पण मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या किमतीत धरायची नाही, असंही तोच नियम सांगतो, म्हणजे ते सगळं तुमच्याकडून. पिंपरी-चिंचवडमध्ये स्टॅम्प ड्युटी, स्थानिक संस्थेचा अधिभार आणि मेट्रोचा अधिभार मिळून ७ टक्के होतात, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी फी ३० हजार. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी ५ टक्के, म्हणजे ३ लाख. (४५ लाखांच्या आतलं आणि ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेटचं घर असतं तर १ टक्का लागला असता.) पझेशनच्या वेळी एक-दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स, सोसायटी स्थापना, वीज मीटर अशा नावांखाली बिल्डर जे घेतो त्याला १ लाख २० हजार धरा. बँकेची प्रोसेसिंग फी, वकिलाचा सर्च रिपोर्ट, नोटीस ऑफ इंटिमेशन (कर्जाची सरकारदरबारी नोंद) मिळून ४० हजार. बेरीज २१ लाख १० हजार. यात ग्रिल, पंखे, किचन ट्रॉली, पडदे काहीही नाही. त्याला काटकसरीने २ लाख धरले की २३ लाख झाले. यातले शेवटचे काही आकडे बिल्डरप्रमाणे आणि बँकेप्रमाणे वरखाली होतील, काही बँका कर्ज ठरवताना जीएसटीही किमतीत धरतात. पण फरक पडला तर लाख-दोन लाखांचा किंवा थोडा अधिक पडेल. २१ चे १२ होणार नाहीत.

एक प्रसंग डोळ्यांसमोरून जात नाही. एका जोडप्याने बिल्डरला मार्जिनचे सगळे पैसे भरले होते, कर्ज मंजूर होतं. स्टॅम्प ड्युटीची रक्कम त्यांना नोंदणीच्या आदल्या संध्याकाळी चलन काढताना कळली. दुसऱ्या दिवशी मी दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात पोहोचले तेव्हा नवरा जिन्यात उभा राहून मोबाइलमधल्या नावांवरून बोट सरकवत एकेकाला फोन लावत होता. बायको बाहेरच्या बाकावर बसलेली, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत सकाळीच आणलेला पेढ्यांचा बॉक्स. त्या दिवशी नोंदणी झाली नाही. पुढे झाली, पण तीन नातेवाइकांकडून उसने घेऊन, आणि त्या उसनवारीचे परिणाम घराच्या हप्त्यांपेक्षा जास्त त्रासदायक ठरले.

आता 'फक्त १० टक्के भरा' हे कुठून येतं ते सांगते. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार, नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. म्हणून बुकिंगला १० टक्के मागतात. ती सुरुवात आहे, पूर्ण डाउन पेमेंट नव्हे. करारनाम्यानंतर लगेच पुढचं डिमांड लेटर, म्हणजे बिल्डरचं पैसे मागणारं पत्र येतं, आणि बहुतेक बँका स्वतःचा पहिला चेक सोडण्याआधी तुमचा वाटा पूर्ण भरल्याच्या पावत्या मागतात. आमच्याकडे त्याला ओसीआर म्हणतात. त्या पावत्या नसतील तर मंजुरीपत्र हातात असूनही डिस्बर्समेंट, म्हणजे कर्जाचे पैसे सुटणं अडून राहतं. आणि कोणी 'करारनाम्यात किंमत वाढवून दाखवू, म्हणजे ९० टक्के लोन बसेल' असं सुचवलं, तर तिथून उठून या. ती बँकेची फसवणूक आहे, सही तुमची असते, शिवाय वाढीव किमतीवर स्टॅम्प ड्युटी आणि जीएसटीही तुम्हीच भरता.

वडिलांच्या म्हणण्याकडे येते. त्यांची कळकळ खरी आहे, त्यांना उडवून लावू नका. पण दोन हिशोब त्यांच्यासमोर कागदावर मांडा.

पहिला भाड्याचा. ४८ लाखांचं कर्ज, ८ टक्के दर, २० वर्षं असं धरलं तर हप्ता ४०,१५० च्या आसपास येतो. त्यातले पहिल्या महिन्यात ३२,००० व्याजाचे असतात, मुद्दल जेमतेम ८,००० ने कमी होतं. भाडं फुकट जातं म्हणायचं तर हे ३२,००० ही परत येत नाहीत. त्यात घर तयार नाही, म्हणजे पझेशन मिळेपर्यंत भाडंही चालू आणि उचललेल्या रकमेवरचा प्री-ईएमआय, म्हणजे नुसतं व्याज, तेही चालू. घर घेऊच नये असं मी म्हणत नाही. स्वतःच्या घरात मिळणारी स्वस्थता भाड्याच्या घरात नसते, आणि दर ११ महिन्यांनी घरमालकाच्या फोनची धास्ती मला ठाऊक आहे. फक्त १९,००० वाचवण्यासाठी घाई करणं हिशोबात बसत नाही.

दुसरा पर्सनल लोनचा. समजा, कमी पडणारे ६ लाख पाच वर्षांसाठी १३ टक्क्यांनी काढले. हप्ता १३,६५० बसेल. बँक तुमचं कर्ज ठरवताना सगळे हप्ते मिळून पगाराच्या किती टक्के जातात ते बघते. आपण ५० टक्के धरू. १,०५,००० च्या निम्मे ५२,५००. त्यातून १३,६५० वजा केले की घराच्या हप्त्याला ३८,८५० उरतात आणि त्यात ४६ लाखांच्या थोडंसं वर कर्ज बसतं. म्हणजे ज्या ४८ लाखांसाठी धडपड करायची, तेच मिळणार नाहीत. ६ लाखांच्या पर्सनल लोनने गृहकर्जाची पात्रता १६ लाखांनी खाली आणली. आणि गृहकर्ज मंजूर झाल्यावर पर्सनल लोन गुपचूप काढू म्हणाल, तर घराचा पूर्ण हप्ता सुरू झाला की ५४,००० हप्त्यात आणि पझेशनपर्यंत १९,००० भाड्यात. गावी ८,००० पाठवणंही त्यात मुश्कील होईल.

मग करायचं काय? माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला मी एकच गोष्ट करायला लावते: हप्त्याची रंगीत तालीम. घर घेतल्यावर महिन्याला जे जाणार आहे ते आजपासूनच स्वतःला भरायला लागा. तुमच्या बाबतीत घराचा हप्ता ४०,००० आणि सोसायटीचा मेंटेनन्स साडेतीन हजार, म्हणजे ४३,५००. आज त्यातले १९,००० भाड्यात जातात. उरलेले साधारण २५,००० दर महिन्याला बाजूला पडलेच पाहिजेत, हा तालमीचा किमान आकडा. हा जमत नसेल तर ६० लाखांचं घर तुमच्या ताकदीबाहेर आहे, आणि हे कर्ज अंगावर घेण्याआधी कळलं हा मोठाच फायदा.

पण नुसत्या २५,००० वर तुम्हाला पाच वर्षं लागतील, हे मी करून बघितलंय. म्हणून तुमच्यासाठी माझा आकडा ३५,००० आहे. भाडं, गावचे पैसे आणि ३५,००० गेल्यावर तुमच्याकडे ४३,००० उरतात. दोघांच्या किराणा, पेट्रोल, फोन, औषधपाणी, सणवाराला ते पुरतात. चैनीला पुरत नाहीत. आता जुळवणी बघा. ५ लाख ठेव आणि २ लाख १० हजार फंड मिळून ७ लाख १० हजार. त्यातले ३ लाख अडीअडचणीसाठी वेगळे काढा, ते या हिशोबात कधीच धरायचे नाहीत. उरले ४ लाख १० हजार. वर्षाला ६ टक्के परतावा धरला तर तीन वर्षांत त्याचे ४ लाख ८८ हजार होतात. महिना ३५,००० चे १३ लाख ७७ हजार. दिवाळीचा बोनस किंवा वार्षिक इन्सेन्टिव्ह मिळून दोघांचे वर्षाला १ लाख जरी टाकले तरी व्याजासकट साधारण ३ लाख १८ हजार. आणि दर वर्षीच्या पगारवाढीतले निदान साडेतीन हजार हप्त्यात वाढवत नेले की आणखी सव्वा लाख. बेरीज साधारण २३ लाख. म्हणजे तीन वर्षं.

बोनस येत नसेल, एखाद्याची नोकरी कंत्राटी असेल, वर्षभरात घरात बाळ येणार असेल, तर हे साडेतीन-चार वर्षांवर जाईल. त्यात कमीपणा काही नाही. तालमीचा खरा उपयोग इथेच कळतो. मी लोकांना एक साधी वही ठेवायला सांगते. दर महिन्याला एक ओळ: तारीख, भरलेली रक्कम, कमी पडली असेल तर कारण. काही वर्षांपूर्वी एक नर्सबाई आणि त्यांचे ड्रायव्हर असलेले यजमान शाळेची शंभरपानी वही घेऊन माझ्याकडे आले होते. ३८ ओळी निळ्या पेनाने, पाच लाल. लाल ओळींत लिहिलेलं होतं: 'सासूबाई अ‍ॅडमिट', 'गाडीचं इंजिन', 'भाचीचं लग्न'. त्या वहीवरून मला दहा मिनिटांत कळलं की यांचं वर्षातून एकदा तरी गणित बिघडतं, म्हणून आपण त्यांचं कर्ज ३ लाखांनी कमी घेतलं आणि वर्षाचे दोन हप्ते कायम खात्यात शिल्लक राहतील अशी सोय केली. कोणत्याही सॅलरी स्लिपवरून मला हे कळलं नसतं.

पैसे कुठे ठेवायचे? पगाराच्या खात्यात तर नाहीच. दुसऱ्या बँकेत दोघांच्या नावाने खातं उघडा, त्याला यूपीआय जोडू नका, डेबिट कार्ड घेतलं तर कपाटात ठेवा. पगार १ तारखेला येत असेल तर ३ तारखेला आरडीचा (दरमहा भरायच्या ठेवीचा) हप्ता आपोआप वळता झाला पाहिजे. महिनाअखेरीस उरेल ते टाकू म्हणणाऱ्यांचं कधीच काही उरत नाही, हे २२ वर्षांत मी इतक्यांदा पाहिलंय की त्यावर वाद घालायची माझी तयारी नाही. आरडी वर्षभराची ठेवा, मुदत संपली की तिची एफडी करा. एकच मोठी एफडी करण्यापेक्षा दोन-दोन लाखांच्या वेगवेगळ्या करा, म्हणजे मध्येच मोडावी लागली तर एकच मोडते. रक्कम वाढत गेली की दोन-तीन बँकांत विभागा, कारण ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासकट ५ लाखांपर्यंतच असतं.

एफडीच्या व्याजावर कर जातो म्हणून फंडात ठेवू का, असं तुमच्या मनात येईल. दोघांचं उत्पन्न वेगवेगळं धरलं तर नव्या करप्रणालीत १२ लाखांच्या आतल्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, तेव्हा तुमच्या बाबतीत हे व्याज बहुधा पूर्णच पदरात पडेल. बँकेने टीडीएस कापला तरी रिटर्न भरून परत मिळतो. शेअर बाजाराच्या फंडाला माझा विरोध नाही, मी स्वतः निवृत्तीसाठी त्यातच गुंतवते. पण तीन वर्षांनी ठरलेल्या तारखेला जे पैसे लागणार आहेत, ते तिथे नकोत. जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्सने ४२,००० ला हात लावला होता. २३ मार्चला तो २६,००० च्या खाली बंद झाला. माझ्या एका ग्राहकाचं मार्जिन त्यात होतं आणि एप्रिलमध्ये बिल्डरला पैसे द्यायचे होते. बाजार पुढे वर आला, पण डिमांड लेटरची तारीख त्याच्यासाठी थांबत नाही. तुमचे २ लाख १० हजार येत्या वर्षभरात हळूहळू काढून एफडीत आणा. नवीन एसआयपी हवी असेल तर ती निवृत्तीच्या नावाने, छोट्या रकमेची.

पतसंस्था एक-दीड टक्का जास्त देते म्हणून तिथे ठेवावं का, हा प्रश्न आपल्याकडे नेहमी येतो. पतसंस्थेतल्या ठेवींना वर सांगितलेला ठेव विमा लागू नाही. चेअरमन ओळखीचे असले तरी नाही. आयुष्यातल्या पहिल्या घराचे पैसे दीड टक्क्यासाठी तिथे ठेवू नका. भिशीचंही तसंच. सवय लागायला भिशी चांगली, तिच्या पैशांतून फ्रीज घ्यावा. डाउन पेमेंटचा भार तिच्यावर टाकू नये, कारण कोणी मध्येच हात वर केले तर हातात कागद नसतो.

सोनं आणि पीएफ या दोन्हींबद्दल माझं मत ठाम आहे: पहिल्या दिवसापासून ते हिशोबात धरू नका. दागिने विकताना घडणावळ जाते, आणि गोल्ड लोन घेतलं तर तोही हप्ताच झाला. पीएफमधून घरासाठी काही रक्कम काढता येते, पण सलग पाच वर्षांची नोकरी पूर्ण होण्याआधी काढलेले पैसे सर्वसाधारणपणे करपात्र ठरतात, आणि आज काढलेले २ लाख म्हणजे निवृत्तीच्या वेळचे त्याच्या कितीतरी पट. शेवटी एक-दीड लाखावर गाडी अडली तर पीएफला हात लावा, हे मी चालवून घेते. आई-वडील काही देणार असतील तर रोख घेऊ नका, खात्यातून खात्यात घ्या आणि साधं बक्षीसपत्र करून ठेवा. आई-वडिलांकडून मिळालेल्या भेटीवर तुम्हाला कर लागत नाही, पण बँक विचारते की खात्यात एकदम आलेली ही रक्कम कुठून आली.

आता दुसरी बाजू. साठवणूक वाढवण्याइतकंच लागणारी रक्कम कमी करणं महत्त्वाचं आहे, आणि त्याकडे फार कमी लोक बघतात. तुम्ही फक्त नवीन प्रोजेक्ट बघितलेत. त्याच भागात सात-आठ वर्षं जुन्या सोसायटीतला टू बीएचके ५५ लाखांत मिळाला असं धरा. मार्जिन ११ लाख, स्टॅम्प ड्युटी ३ लाख ८५ हजार, नोंदणी ३० हजार, एजंटची १ टक्का दलाली ५५ हजार, सोसायटीचं हस्तांतरण शुल्क जास्तीत जास्त २५ हजार, बँक-वकील ४० हजार. झाले १६ लाख ३५ हजार. जीएसटी नाही, प्री-ईएमआय नाही, भाडं पुढच्या महिन्यापासून बंद. २१ आणि साडेसोळा यांत तुमच्या तालमीचं जवळजवळ एक वर्ष आहे. रिसेलमध्ये एकच गोष्ट सांभाळा. मालक 'थोडे रोख द्या' म्हणाला तर नकार द्या. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने बंद आहे, आणि करारनाम्यात किंमत जेवढी कमी दाखवली जाईल तेवढं तुमचं कर्ज कमी होऊन स्वतःचा वाटा वाढतो.

घर फक्त तुमच्या पत्नीच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत आहे, म्हणजे ६० लाखांवर ६० हजार. जोडनावात ती मिळत नाही. पत्नीच्या नावे घर आणि कर्जात दोघं, असं करता येतं. पण मालकी हा पैशांपलीकडचा विषय आहे, तो तुम्ही दोघांनी मोकळेपणी बोलून ठरवा, ६० हजारांसाठी नाही. म्हाडाच्या पुणे मंडळाच्या सोडतीकडेही लक्ष ठेवा. खासगी प्रकल्पांत राखीव ठेवलेली २० टक्के योजनेतली घरं त्यात येतात आणि ती बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त असतात. अधिवास प्रमाणपत्र आणि उत्पन्नाची कागदपत्रं आत्ताच काढून ठेवा. सोडत लागली तर पैसे भरायला मुदत थोडीच मिळते, तेव्हा ही साठवणूक तिथेही कामी येईल. पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी टप्पा २ मधलं व्याज अनुदान वर्षाला ९ लाखांपर्यंत उत्पन्न आणि ३५ लाखांपर्यंतचं घर यांच्यासाठी आहे; तुम्ही त्यात बसत नाही.

पाडव्याला, दसऱ्याला 'स्टॅम्प ड्युटी माफ' अशा जाहिराती लागतील. ही ऑफर खरी असेल तर ती तुमच्या कामाची आहे, कारण तो खर्च कर्जातून भागत नाही. मॉड्युलर किचन किंवा सोन्याचं नाणं यांना मात्र भुलू नका, तेवढी रक्कम करारनाम्यातल्या किमतीतून कमी करून मागा. किंमत १ लाखाने कमी झाली की त्यावरची स्टॅम्प ड्युटी आणि जीएसटी मिळून आणखी १२ हजार वाचतात. आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा: पझेशन आणि नोंदणीसकट एकूण किती, ते लेटरहेडवर लिहून द्या. प्रकल्पाचा महारेरा क्रमांक टाकून पझेशनची तारीख स्वतः वेबसाइटवर बघा.

तीन वर्षांत किमती वाढतील त्याचं काय, हे तुम्ही विचारणारच. वाढू शकतात. वर्षाला ५ टक्के धरले तर आजचे ६० लाख तेव्हा साडेएकोणसत्तर होतील आणि तुमच्या खिशातून जाणारी रक्कम आणखी ३ लाखांवर वाढेल. दर वर्षी गुढीपाडव्याला वही काढून हा हिशोब नव्या भावाने पुन्हा मांडा. पगार वाढला असेल तर तालमीचा आकडा वाढवा, नसेल तर रिसेलकडे किंवा थोड्या आतल्या बाजूच्या घराकडे वळा. भाव वाढण्याच्या भीतीने अपुऱ्या पैशांवर बुकिंग केलेले आणि पुढचा हप्ता भरता न आल्याने बुकिंग रद्द करून कपात सोसलेले लोक मी पाहिलेत.

शेवटच्या सहा महिन्यांसाठी थोडक्यात सांगते. नवीन फोन किंवा टीव्ही हप्त्यावर घेऊ नका, क्रेडिट कार्डाचं बिल पूर्ण भरा, कोणाच्या कर्जाला जामीन राहू नका, नोकरी बदलायची असेल तर त्याआधी बदला. दोघांचाही सिबिल रिपोर्ट आत्ता एकदा काढून बघा. जुन्या कार्डाची विसरलेली २-४ हजारांची थकबाकी त्यात दिसते आणि ती मिटवून नोंद सुधारायला महिने जातात. घर ५० लाखांचं किंवा त्याहून महाग असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा असतो. तो खर्च वरचा नाही, किमतीतलाच आहे, पण विसरलात तर व्याज आणि दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क तुमच्यावर येतं.

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी राहिल्यात: दोघांच्या नोकऱ्या कायम आहेत की कंत्राटी, आणि सध्या दुचाकीचा किंवा कशाचा हप्ता चालू आहे का. तेवढं कळवा. ३५,००० चा आकडा त्यावर हलेल, आणि मी तो तुमच्यासाठी पुन्हा मांडून देईन. तोवर येत्या ३ तारखेची पहिली आरडी थांबवू नका, २५,००० ची का होईना.